आत हिरे नव्हते: महाग आणि स्वस्त रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या इतिहासातून तुलना शिकताना

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी आरएसीसमोर मी एक स्लाइड दाखवली होती. डावीकडे जर्मन लायका एम६ ने काढलेला फोटो, उजवीकडे जपानी याशिका इलेक्ट्रो ३५ ने काढलेला. जागा तीच, माणूस तोच, फिल्मही तीच. डावीकडचा चेहरा अगदी रेखीव, उजवीकडचा जरा पुसट. खाली मी मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं, "किमतीतला फरक म्हणजेच अचूकतेतला फरक." माझं अख्खं तिसरं प्रकरण या एका वाक्यावर उभं राहणार होतं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तू दोन कॅमेऱ्यांची तुलना केलीस, की या दोन नगांची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यात पुढचे सहा महिने गेले. तिसरं प्रकरण रद्द झालं आणि त्याच्या जागी दुसरंच उभं राहिलं. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करून मी उपकरणांच्या इतिहासाकडे वळले, तेव्हा वाटलं होतं की मोजमापाचं मला कळतं, इतिहास तेवढा शिकायचा आहे. झालं उलटंच. आधी मोजमापच नीट शिकावं लागलं. पेट किंवा नेटनंतर आता विषय शोधणाऱ्यांसाठी ही सगळी गोष्ट सांगते आहे, कारण 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द आपण सगळेच शीर्षकात फार सहज घालतो.

रेंजफाइंडर नेमकं काय करतो?

आधी यंत्र समजून घेऊ. आपण दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेतो, तेच काम रेंजफाइंडर दोन छोट्या खिडक्यांतून करतो. दोन्ही खिडक्यांतली दृश्यं व्ह्यूफाइंडरमध्ये एकावर एक दिसतात. लेन्सची रिंग फिरवत गेलं की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस जुळला. शाळेत त्रिकोणमितीत मनोऱ्याची उंची काढायचो ना, तसलंच हे गणित. खिडक्यांमधलं अंतर हा त्रिकोणाचा पाया. पाया जितका लांब, तितकं मोजमाप अचूक.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. व्ह्यूफाइंडर दृश्य लहान करून दाखवत असेल, तर त्या पायाचा फायदाही तेवढाच कमी होतो. म्हणून खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं वर्धन, हा 'परिणामी पाया' धरतात. लायका एम६ मध्ये तो ६९.२५ × ०.७२, म्हणजे सुमारे ५० मिमी येतो.

हे यंत्र लहान कॅमेऱ्यात आलं १९३२ मध्ये. त्याआधी वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीनं ओस्कार बार्नाक यांनी घडवलेला लायका १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लोकांसमोर आणला होता. सिनेमाची ३५ मिमी फिल्म आणि खिशात मावणारा कॅमेरा. पण अंतर एक तर अंदाजानं ठरवायचं, नाही तर वेगळं उपकरण वर अडकवून मोजायचं. १९३२ च्या लायका २ मध्ये रेंजफाइंडर लेन्सलाच जोडला गेला. त्याच वर्षी झाइस इकॉनचा काँटॅक्सही आला. दोन्ही कॅमेरे उत्तम, आणि दोन्हींच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या.

टोकियो: आत हिरे नव्हते

किती आवाक्याबाहेर? कॅनन कंपनीनं स्वतःच्या इतिहासात एक आकडा दिला आहे. त्या काळी जपानमध्ये पदवीधर बँक कर्मचाऱ्याचा सुरुवातीचा पगार महिना ७० येन होता, आणि लायका ४२० येनला मिळत होता. म्हणजे चांगल्या नोकरीतला सहा महिन्यांचा पूर्ण पगार.

सिनेमाच्या यंत्रांची कामं करणाऱ्या गोरो योशिदा यांनी एक लायका खोलून पाहिला. त्यांची आठवण अशी की आत हिरे-माणकं काहीच निघालं नाही. पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड, रबर, एवढंच. इतक्या साध्या मालाची एवढी किंमत कशी, याचा त्यांना राग आला आणि आपणच कॅमेरा करायचा असं त्यांनी ठरवलं. १९३३ मध्ये टोकियोत छोटी कार्यशाळा सुरू झाली. जून १९३४ मध्ये 'आसाही कॅमेरा' मासिकात जाहिरात झळकली. कॅमेऱ्याचं नाव 'क्वानॉन', लेन्सचं नाव 'कास्यपा'. ही नावं आपल्याला परकी नाहीत. क्वानॉन म्हणजे जपानी परंपरेतला अवलोकितेश्वर, ज्याचं पद्मपाणी रूप अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. कास्यपा म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप.

पण तो क्वानॉन बाजारात आला नाही. प्रत्यक्ष विक्रीचा कॅमेरा, म्हणजे हान्सा कॅनन, १९३६ मध्ये आला, आणि त्याची लेन्स होती निप्पॉन कोगाकू या दुसऱ्या कंपनीची. हीच कंपनी पुढे निकॉन नावानं ओळखली गेली. लेन्सचा माउंट आणि रेंजफाइंडरची काचेची यंत्रणासुद्धा तिचीच.

संशोधकानं इथे थांबायला हवं. योशिदांचं म्हणणं चूक नव्हतं, पण अपुरं होतं. माल खरंच स्वस्त होता. किंमत होती ती तो माल कुठे आणि किती नेमका बसवायचा याची. ३९ मिमी आट्यांच्या लायकामध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी. लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी असेल, तर फिल्म तिच्या जागेपासून साधारण ०.०६ मिमीपेक्षा जास्त हलून चालत नाही. केसाची जाडी जवळपास तेवढीच असते. प्रत्येक कॅमेऱ्यात हे अंतर राखायचं, आणि तेही कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर चालेल अशा बेतानं, यासाठी हिरे लागत नाहीत. लागतात मापं, हत्यारं, तपासणी, आणि मापात न बसलेला भाग बाजूला टाकण्याची तयारी.

ही आठवण कंपनी स्वतःच्या स्थापनेची कथा म्हणून सांगते, हेही विसरू नका. अशा कथेत नायकाचा राग ठळक असतो, आणि लेन्स शेजारच्या कंपनीकडून आली हा भाग तळटीपेत जातो. मी मात्र त्या तळटीपेवरूनच सुरुवात केली.

खारकीव: प्रत्येक लेन्सचं आपलं घर

दुसरी वाट सोव्हिएत संघाची. युक्रेनमधल्या खारकीव शहरात अनाथ, बेघर मुलांसाठी एक श्रम-वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिच्याशी जोडलेले होते. वसाहतीला नाव दिलं होतं फेलिक्स एदमुंदोविच जेर्झिन्स्की यांचं. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे फेद. ही मुलं आधी विजेची ड्रिल यंत्रं बनवायची. १९३४ पासून त्यांनी लायका २ च्या धर्तीवर कॅमेरे बनवायला घेतले.

सुरुवातीच्या फेदमध्ये लेन्स आणि कॅमेरा जोडीनं जुळवलेले असत. एका फेदची लेन्स काढून दुसऱ्यावर लावली तर फोकस जुळेलच याची खात्री नाही. यावरून 'सोव्हिएत लेन्स वाईट' असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो? पण ती लेन्स तिच्या मूळ कॅमेऱ्यावर ठीक काम करत असायची. वाया गेली होती ती अदलाबदलीची सोय.

युद्धानंतर चित्र पालटलं. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यानं १९४८ पासून झोर्की कॅमेरे काढले. झाइसची काँटॅक्सची यंत्रसामग्री युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली आणि कीव शहरात त्याच कॅमेऱ्याचं उत्पादन 'कीव' या नावानं सुरू झालं. याचा अर्थ असा की स्वस्त म्हणून विकला गेलेला कीव हा मुळात त्या काळच्या सर्वांत महागड्या कॅमेऱ्यांपैकी एकाचाच आराखडा होता. त्याच्या खिडक्यांमधलं अंतर ९० मिमी. १९५५ च्या फेद-२ मध्ये ते ६७ मिमी. आणि ज्याला अनेक जण आजही रेंजफाइंडरचं शिखर मानतात, त्या १९५४ च्या लायका एम३ मध्ये ६८.५ मिमी!

हे आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा माझ्या स्लाइडवरच्या वाक्याला तडा गेला. पाया लांब ठेवायला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे खर्च होतात ते व्ह्यूफाइंडरची प्रतिमा मोठी आणि उजळ करण्यात, आणि तो लांब पाया वर्षानुवर्षं न हलू देण्यात.

संख्याही पाहून घ्या. एम३ साधारण बारा वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास तयार झाले. झोर्की-४ सतरा वर्षांत सुमारे १७ लाख. इतक्या नगांमध्ये उत्तम, मध्यम, वाईट सगळेच असणार. स्वस्त कॅमेऱ्याचा खरा दोष अनेकदा त्याच्या सरासरी गुणवत्तेत नसतो. एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत किती फरक पडतो, त्यात तो असतो. सरासरी आणि प्रसरण यांतला भेद आपण संख्याशास्त्रात शिकतो आणि परीक्षा संपली की विसरतो.

'अचूक' म्हणजे कशासाठी अचूक?

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे.

साधारण डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक कळतो असं धरू. म्हणजे सुमारे ०.०००२९ रेडियन. रेंजफाइंडरची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पण फोटोत जितकी खोली स्पष्ट दिसते, तीही मध्यम अंतरांवर ढोबळमानानं अंतराच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढते. म्हणून भागाकार करताना अंतर गळून जातं आणि उरतं ते असं:

लागणारा परिणामी पाया (मिमी) = ०.०००२९ × (नाभीय अंतर)² ÷ (एफ-अंक × ०.०३)

यातलं ०.०३ मिमी म्हणजे ३५ मिमी फिल्मवर चालवून घेतला जाणारा धूसरपणाचा ठिपका. आता आकडे घाला:

- ४० मिमी, एफ/१.७: सुमारे ९ मिमी
- ५० मिमी, एफ/२: सुमारे १२ मिमी
- ९० मिमी, एफ/४: सुमारे २० मिमी
- ९० मिमी, एफ/२: सुमारे ३९ मिमी
- १३५ मिमी, एफ/२.८: सुमारे ६३ मिमी

ही यादी घेऊन इतिहासाकडे परत या. १९७३ मध्ये लाइट्झनं मिनोल्टाच्या मदतीनं लायका सीएल हा लहान आणि तुलनेनं स्वस्त कॅमेरा काढला. त्याचा परिणामी पाया ३१.५ × ०.६, म्हणजे जेमतेम १९ मिमी. त्याच्यासोबत ९० मिमीची जी नवी लेन्स दिली, ती एफ/४ ची होती. अगदी काठावर! दुसरं उदाहरण १९६३ च्या १३५ मिमी एफ/२.८ लेन्सचं. एम कॅमेऱ्यांसाठीच्या या लेन्सला लायकानं चष्म्यासारख्या काचा जोडल्या, ज्या व्ह्यूफाइंडरची प्रतिमा दीडपट करतात. एम३ चा परिणामी पाया सुमारे ६२ मिमी. तो इथे पुरा पडत नव्हता किंवा कसाबसा पडत होता. सगळ्यात महागड्या रेंजफाइंडरलाही एक हद्द आहे, आणि ती कुठे येते हे त्या काचा आपल्याला सांगतात.

आता घरगुती कॅमेऱ्याकडे बघा. ४० किंवा ४५ मिमीची, न बदलणारी एकच लेन्स. तिला १० ते १२ मिमी परिणामी पाया पुरतो. अशा कॅमेऱ्यावर लायकाचा ५० मिमी पाया बसवला तर तो चौपट अचूक होईल, पण फोटोत ते दिसणारच नाही. महाग कॅमेरा 'जास्त अचूक' आहे, हे खरंच. प्रश्न हा की ती जादा अचूकता कुठल्या कामाला येते. ९० मिमी एफ/२ लावायची असेल तर येते. घरच्या बारशाचे फोटो काढायचे असतील तर नाही.

मधली पायरी कुठे गेली?

१९५० च्या दशकात स्वस्त आणि महाग यांच्यामध्ये भरपूर पायऱ्या होत्या. कॅनन आणि निकॉन दोघेही लेन्स बदलता येणारे उत्तम रेंजफाइंडर बनवत होते. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. हा एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दिसणारं दृश्य दाखवणारा कॅमेरा. १३५ किंवा २०० मिमीच्या लेन्सला त्यात पायाची अडचणच उरली नाही. व्यावसायिक छायाचित्रकार तिकडे वळले आणि साठचं दशक संपेपर्यंत जपानी कंपन्यांनी असे रेंजफाइंडर जवळपास बंद केले.

दोन टोकं मात्र टिकली. एका टोकाला लायका. दुसऱ्या टोकाला घरगुती कॅमेरे: जानेवारी १९६१ चा १८,८०० येनचा, आपोआप प्रकाश ठरवणारा कॅनोनेट, १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५, आणि असे बरेच. आज आपल्याला 'स्वस्त विरुद्ध महाग' अशी सरळ लढत दिसते, कारण मधले स्पर्धक आधीच मैदान सोडून गेले. २००० साली जपानच्या कोसिनानं बेसा-आर काढून ती पायरी काही काळ पुन्हा बसवली. त्याचा पाया ३७ मिमी आणि परिणामी पाया सुमारे २५ मिमी, म्हणजे एम६ च्या निम्मा. वरची यादी बघून तुम्हीच सांगा, त्यावर कुठली लेन्स निर्धास्त चालेल.

या काळातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २० फेब्रुवारी १९६२ चं. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन फ्रेंडशिप ७ यानातून पृथ्वीभोवती फिरले. त्यांच्याजवळचा एक कॅमेरा होता ॲन्स्को ऑटोसेट. मिनोल्टानं बनवलेला हा घरगुती रेंजफाइंडर फ्लोरिडातल्या एका औषधांच्या दुकानातून सुमारे ४० डॉलरला घेतलेला. प्रकाश आपोआप ठरत असल्यानं जाड हातमोजे घालूनही तो वापरणं सोपं होतं. त्याच यानात एक लायकाही होता. लायका १जी, मृग नक्षत्राच्या दिशेच्या ताऱ्यांचे अतिनील वर्णपट टिपण्यासाठी बदल केलेला. गंमत म्हणजे या लायकात रेंजफाइंडरच नसतो! ताऱ्यांसाठी अंतर मोजायचंच कशाला? 'चांगला कॅमेरा कुठला' हा प्रश्नच त्या यानात नव्हता. प्रश्न दोन होते, म्हणून कॅमेरे दोन होते.

माझ्या स्लाइडचं काय झालं

इलेक्ट्रो ३५ माझ्या मामांचा. कुवैतला नोकरीला असताना त्यांनी घेतलेला, नंतर कित्येक वर्षं कपाटात पडून. मॅडमच्या प्रश्नानंतर मी तो घेऊन गच्चीवर गेले. रिंग अनंतावर नेली आणि दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. दोन प्रतिमा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. बसत नव्हत्या. म्हणजे रेंजफाइंडर कधीचा सरकला होता. उसना आणलेला एम६ मात्र वर्षभरापूर्वीच दुरुस्तीकाराकडून तपासून आलेला. मी जर्मन आणि जपानी कॅमेऱ्याची तुलना केलेलीच नव्हती. जपणूक झालेल्या आणि न झालेल्या यंत्राची केली होती.

एका जुन्या कारागिरानं इलेक्ट्रो जुळवून दिला. पुन्हा फोटो काढले, पण या वेळी प्रिंटांवर नावं न घालता. प्रयोगशाळेतल्या मित्रमैत्रिणींना ओळखायला सांगितलं. कुणालाच खात्रीनं सांगता आलं नाही. माझी फजितीच, पण खूप हलकं वाटलं.

याचा अर्थ 'दोन्ही सारखेच' असा काढू नका. तीही तशीच घाई होईल. इलेक्ट्रोचं शटर विजेवर चालतं आणि त्यासाठी बनवलेली पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. जुगाड करावा लागतो. एम३ ला बॅटरीच लागत नाही, आणि साठ-सत्तर वर्षांनीही तो खोलून दुरुस्त करता येतो. महाग कॅमेऱ्याच्या किमतीचा मोठा भाग पहिल्या दिवशीच्या फोटोत दिसत नाही, तो चाळिसाव्या वर्षी दिसतो. मग माझं नवं प्रकरण 'कोण जास्त अचूक' यावर राहिलं नाही. अचूकता किती काळ टिकते, आणि ती टिकवण्याचा खर्च कोण करतो, कारखाना की मालक, यावर ते लिहिलं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुलनात्मक विषय घेणार असाल, तर लिहायला बसण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर काढा. मी जातीबद्दल बोलते आहे की हातातल्या नगाबद्दल? 'चांगलं' म्हणजे कुठल्या कामासाठी, आणि त्या कामाला किती अचूकता पुरते? ज्यांच्याशी तुलना व्हायला हवी होती, ते आधीच गायब झालेत का? आणि मला मिळालेली गोष्ट कोण सांगतंय, कंपनी, संग्राहक की वापरणारा? संग्राहकांचं सांगते, कारण बाजारात कित्येक फेद आणि झोर्कींवर 'लायका' नाव कोरून, वर युद्धकाळातली चिन्हं काढून विकतात. वस्तूसुद्धा खोटं बोलते.

आरएसीत कुणी असा प्रश्न विचारला की अपमान वाटतो. मलाही वाटला होता. पण मॅडमनी तो दुसऱ्या वर्षी विचारला, व्हायव्हाच्या दिवशी नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ती स्लाइड मी पुसलेली नाही. नवीन विद्यार्थी प्रयोगशाळेत आले की आधी तीच दाखवते आणि विचारते, यात चूक कुठे आहे?